पट आणि परतावा : ठाणे ते कल्याण, शिक्षणातल्या भाषेचा आढावा

वार्षिक परीक्षा संपल्या की ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या अनुदानित मराठी शाळांचे शिक्षक इमारतींचे जिने चढू लागतात. हातात शाळेचे पत्रक, एक वही आणि जोडीला दुसरा शिक्षक. कल्याण पूर्वेच्या चाळी, डोंबिवलीत रुळांलगतच्या वस्त्या, दिव्यातल्या लिफ्ट नसलेल्या उंच इमारती. दाराबाहेरच्या चपलांवरून घरात लहान मूल आहे का याचा अंदाज घ्यायचा आणि बेल वाजवायची. ‘वहिनी, बाळाच्या शाळेचं काही ठरलं का?’ आतून येणारा प्रश्न शिक्षकांना पाठ झालेला असतो : ‘सर, सेमी कितवीपासून आहे?’ त्यानंतरचा प्रश्न व्हॅनचा. शाळेत काय शिकवतात, वर्गात किती मुले असतात, ग्रंथालय आहे का, हे क्वचितच विचारले जाते. शिक्षकही ते सांगण्याच्या आधी दप्तर आणि गणवेश मोफत असल्याचे सांगतात. कित्येक ठिकाणी हा ‘मोफत’चा खर्च शिक्षकांनीच आपसांत वर्गणी काढून उचललेला असतो.

आठवीला भूगोल शिकवणारा माणूस मे महिन्याच्या उन्हात दारोदार का फिरतो? पटासाठी. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि अतिरिक्त ठरला की समायोजनाच्या यादीत त्याचे नाव लागते. संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून मंजूर होणाऱ्या शिक्षकसंख्येचा, कागद हातात पडेपर्यंत शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नसतो. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील, तर तिथे एकही शिक्षक मंजूर होणार नाही, अशी वेळ आली.

शिक्षकाला विक्रेता आणि पालकाला गिऱ्हाईक करणारी ही रचना आपोआप उगवलेली नाही. तिच्यामागे एक विचार आहे. अभ्यासक त्याला नवउदारमतवाद म्हणतात. समाजाच्या प्रत्येक व्यवहारात बाजाराचे नियम आणले की तो व्यवहार सुधारतो, अशी या विचाराची श्रद्धा. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५५ साली एका निबंधात मांडले, की सरकारने शिक्षणासाठी पैसा जरूर द्यावा, पण शाळा स्वतः चालवण्याची गरज नाही. पालकांच्या हाती व्हाउचर द्यावे आणि शाळांना त्यांच्यासाठी स्पर्धा करू द्यावी. १९६४ साली गॅरी बेकर यांचे ‘ह्यूमन कॅपिटल’ आले. शिक्षण म्हणजे माणसाने स्वतःमध्ये केलेली गुंतवणूक, आणि गुंतवणूक म्हटली की परतावा मोजायचा, ही भाषा तिथून जगभर रुजली. मिशेल फूको यांनी १९७९मध्ये पॅरिसमधल्या व्याख्यानांत या विचारातल्या माणसाचे वर्णन ‘स्वतःचाच उद्योजक’ असे केले. आपल्याकडे ‘मुलाला इंग्रजीत घातलं की पुढे त्याचं भलं होईल’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही आईने ही नावे ऐकलेली नाहीत. तरीही तिचे सारे हिशेब याच चौकटीत बसवले गेले आहेत.

महाराष्ट्रात ही चौकट शासन निर्णयांच्या वाटेने आली. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे, आणि प्राथमिक शिक्षकाचे हे मानधन सुरुवातीला महिना ३ हजार रुपये होते. पुढच्याच वर्षी नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. त्यातला ‘कायम’ हा शब्द २००९मध्ये वगळला गेला, पण अनुदानाच्या टप्प्यांसाठी शिक्षकांना पुढे वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले. २०१२मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. सरकारकडून अनुदान मागणार नाही असे लिहून द्या, जागा आणि ठेवी दाखवा, शाळा काढा. या एका कायद्याने शाळा काढण्याचे गणितच बदलले. मराठी शाळा काढायची तर शुल्क देणारा पालक मिळत नाही. इंग्रजी माध्यमाची काढली तर मिळतो. नव्याने निघालेल्या शाळा बहुतांश इंग्रजी माध्यमाच्या निघाल्या, यात नवल नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांच्या आणि डोंबिवलीजवळच्या पलावासारख्या नव्या नगरांच्या जाहिरातींत तरणतलाव आणि क्लबहाउसच्या शेजारी शाळेचे चित्र असते. तिचे माध्यम लिहिण्याची गरज कुणाला वाटत नाही.

याच २००० सालच्या आणखी एका निर्णयाबद्दल मला आदराने लिहायचे आहे. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. पण खेड्यातल्या आणि झोपडपट्टीतल्या मुलालाही इंग्रजी मिळाले पाहिजे, ते विकत घ्यायची पाळी त्याच्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू न्याय्य होता. निर्णय टिकला, त्याला लागणारे बळ मात्र कुणी दिले नाही. स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या, कधी न बोललेल्या शिक्षकांवर पहिलीचे इंग्रजी सोपवले गेले. प्रशिक्षण काही दिवसांचे. जे काम सरकारने अर्धवट सोडले त्याची दुकाने पुढे स्टेशनाबाहेर थाटली.

पालकांनी इंग्रजीमागे धाव का घेतली, याचे उत्तर शाळांपेक्षा कारखान्यांत अधिक सापडते. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट तिच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक. पाठोपाठ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. आंबिवलीजवळ मोहन्याला एनआरसी, शहाडला सेंच्युरी रेयॉन. आयटीआय करून फिटर, टर्नर झालेला मुलगा या कारखान्यांत लागायचा आणि त्याला कायमची नोकरी, वसाहतीत घर, मुलांना शाळा मिळायची. लेथवर त्याला इंग्रजी शब्द शेकड्याने लागत, पण इंग्रजी बोलावे लागत नसे. फोरमन मराठीत सांगायचा, युनियनची सभा मराठीत व्हायची, बोनसचा करारही त्याला मराठीत समजावून दिला जायचा. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली अनेक कुटुंबे कल्याण-डोंबिवलीकडे सरकली तीही याच आशेने. नंतर वागळे इस्टेटच्या शेड एकेक करून बंद झाल्या आणि तिथे काचेच्या इमारती उठल्या. एनआरसीला २००९मध्ये टाळे लागले. ठाण्याच्या खाडीपलीकडे, ऐरोलीच्या पट्ट्यात, बॅक ऑफिसे आणि कॉल सेंटर आली.

कारखान्यात हाताचे कौशल्य बघत. इथे मुलाखतीला बसलेल्या मुलाला पहिला प्रश्न येतो, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. तीन वर्षे बी.कॉम.चे हिशेब चोख करणारा मुलगा त्या एका वाक्यापाशी अडतो आणि ‘कम्युनिकेशन कमी पडलं’ म्हणून घरी येतो. शेजारच्या इमारतीतला मुलगा तिसऱ्या फेरीपर्यंत जातो. दोघांच्या आया जिन्यात भेटतात. असे दोन-चार अनुभव झाले की पुढच्या पिढीचे माध्यम ठरून जाते. त्यासाठी त्या आईला मराठीद्रोही म्हणणारा माणूस बहुधा स्वतः नोकरीत स्थिरावलेला असतो.

इंग्रजीचा ओढा बाजाराने निर्माण केला असे म्हणणेही अर्धेच खरे. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले त्याच पिढीने पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि ते दूध कुणाच्या वाट्याला आले हे सर्वांना ठाऊक आहे. महात्मा फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्याच्या घामाचा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हे सडेतोडपणे मांडले. जातीने दाराबाहेर ठेवलेल्या माणसांना इंग्रजीत एक उघडे दार दिसले. उल्हासनगरच्या किंवा कळव्याच्या वस्तीतला बौद्ध बाप मुलीला इंग्रजी शाळेत घालतो, तेव्हा त्याच्या मनात केवळ पगाराचा आकडा नसतो. तिला कुणी तिच्या बोलण्यावरून ओळखून खाली बसवू नये, असे त्याला वाटते. या इच्छेपुढे मराठीच्या अभिमानाचे भाषण थिटे पडते, आणि पडलेच पाहिजे.

प्रश्न त्या इच्छेचा नाही. ती पुरी करण्याचे काम कुणाकडे दिले, याचा आहे.

मेहताब आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २००५च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे इंग्रजीचा परतावा मोजला. इंग्रजी अस्खलित बोलणाऱ्या पुरुषाची ताशी मिळकत इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त, थोडेफार बोलणाऱ्याची सुमारे १३ टक्के जास्त. हा ३४चा आकडा इंग्रजीच्या बाजूने वारंवार पुढे केला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र मागे राहतो : वयाने लहान आणि शिक्षणाने कमी असलेल्या कामगारांना हा लाभ कमी मिळतो. म्हणजे इंग्रजी चांगल्या शिक्षणावर चढले तर फळते. शिक्षणच कच्चे असेल तर नुसत्या इंग्रजीने फारसे पदरी पडत नाही. गुंतवणुकीच्या भाषेतच बोलायचे, तर सर्वांत गरीब घर सर्वांत जोखमीचा कागद विकत घेत आहे आणि त्याला ती जोखीम कुणी सांगितलेली नाही.

कमी शुल्काच्या इंग्रजी शाळेत चौथीचा परिसर अभ्यासाचा तास कसा चालतो ते जवळून पाहावे. इमारतीच्या तळमजल्यावर, दुकानांच्या गाळ्यांत भरणारी शाळा. पाण्याच्या चक्राचा धडा. बाई एक वाक्य इंग्रजीत वाचतात, चाळीस मुले ते एका सुरात म्हणतात. मग बाई आवाज खाली आणून ‘म्हणजे बघा, पाणी तापतं, वाफ होऊन वर जातं’ असे मराठीत आणि मग हिंदीतही सांगतात, कारण वर्गात दोन्ही प्रकारची मुले आहेत. एवढ्या अर्ध्या मिनिटात मुलांचे चेहरे हलतात. एखादा हात वर होतो. पण प्रश्न इंग्रजीत विचारायचा असतो, आणि तेवढे इंग्रजी त्या मुलाकडे नसते, म्हणून हात खाली येतो. मग प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहिले जाते, वहीत उतरते, घरी पाठ होते आणि चाचणीत जसेच्या तसे येते. गुण पंचवीसपैकी बावीस. आई-वडील खूश. वर्गाच्या खिडकीतून मलंगगडावर उतरलेला ढग रोज दिसतो, पण धड्यातली वाफ आणि तो ढग यांची गाठ पडत नाही.

त्या बाईंना दोष देता येत नाही. त्या स्वतः मराठी शाळेत शिकलेल्या, डी.एड. झालेल्या, शिक्षकभरतीची वाट पाहून थकलेल्या. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या पगाराचा लहानसा हिस्सा त्यांना मिळतो, सुटीत तोही नाही. त्यांच्याकडून इंग्रजी बोलण्याची अपेक्षा असते आणि त्यांना इंग्रजी शिकवायला कुणी तयार नसते.

त्या मुलाच्या घरातही काहीतरी घडते, आणि मला ते सगळ्यात गंभीर वाटते. दहावी शिकलेली आई पूर्वी मुलाचा अभ्यास घ्यायची. पाढे म्हणून घ्यायची, कविता चालीत म्हणायची, चुकले तर सांगायची. आता वहीतली भाषा तिची नाही. ती वही उघडून पाहते आणि मिटवते. मूल तिसरीत जाईपर्यंत त्याला कळून चुकते, की आईला ‘काही येत नाही’. मग इमारतीतल्याच ट्यूशनची महिन्याची फी, शाळेचे शुल्क, व्हॅन, पुस्तके आणि ‘ॲक्टिव्हिटी’. घरकाम करणाऱ्या बाईच्या दोन घरांचा पगार यात जातो. घरात जे ज्ञान फुकट होते ते बाद ठरवून बाहेरचे विकत घ्यायला लावणे, हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे यश आहे.

सेमी इंग्रजी हा मधला मार्ग म्हणून पुढे आला. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. चांगल्या शिक्षकांच्या हाती, पाचवी किंवा आठवीपासून, तो बऱ्यापैकी चालला. ठाण्या-डोंबिवलीतल्या जुन्या शाळांतून असे शिकलेले डॉक्टर-इंजिनियर पुष्कळ आहेत. पट टिकवण्याच्या धडपडीत मात्र सेमी पहिलीपर्यंत खाली आली. आजी भाजीवाल्याला सदतीस रुपये देते आणि नातू विचारतो, ‘म्हणजे थर्टी सेव्हन ना?’ मोजायचे एका भाषेत आणि जगायचे दुसऱ्या, असे सहाव्या वर्षी करायला लावण्यात कुठले शास्त्र आहे? मलेशियाने हाच प्रयोग देशभर केला. २००३मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली. खेड्यांतली मुले मागे पडू लागली, आणि २००९मध्ये सरकारने माघार जाहीर करून २०१२पासून टप्प्याटप्प्याने विषय पुन्हा मातृभाषेकडे नेले. तिथे निदान एका सरकारने निर्णय घेतला आणि एका सरकारने तो तपासून पाहिला. आपल्याकडे प्रत्येक मुख्याध्यापक आपापल्या पटाकडे बघून भाषाधोरण ठरवतो.

पुढे काय होऊ शकते ते बघायला कल्याणहून दोन स्टेशने पुढे जावे लागते. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या माणसांनी पोटापाण्याइतक्याच तातडीने शाळा काढल्या, सिंधी माध्यमाच्याही. १९६७मध्ये सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पुढच्या पिढीचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळला आणि सिंधी शाळा एकामागून एक बंद पडल्या किंवा त्यांची माध्यमे बदलली. कुणी बंदी घातली नव्हती. प्रत्येक घराने आपापल्या मुलाच्या भल्याचा निर्णय घेतला आणि अनेक शहाण्या निर्णयांच्या बेरजेतून एक भाषा शाळेतून गेली. सिंधी आजही दुकानात आणि घरात बोलली जाते. लिहिलेली सिंधी वाचणारे मात्र आता बहुतेक आजी-आजोबाच आहेत. सिंधीला राज्य नव्हते, आधार नव्हता, असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो. मराठीला राज्य आहे, २०११च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक बोलणारे आहेत, ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जाही मिळाला. पण शाळेतले विज्ञान, इतिहास, गणित एखाद्या भाषेतून निघून गेले, की उरते ती घरातली आणि सणावारातली बोली. त्या वाटेवरून जायला राज्य असल्याने फार तर उशीर होतो.

मराठी शाळेची बाजू मांडताना तिचे एक जुने देणेही मान्य केले पाहिजे. कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांत, दिव्यात, भिवंडीच्या बाजूला आगरी बोलणारी मुले पिढ्यानपिढ्या या शाळांत आली. त्यांच्या बोलण्याला वर्गात हसू मिळाले. प्रमाण मराठीच्या बाईंनी त्यांचे ‘न’ आणि ‘ल’ दुरुस्त केले आणि त्या मुलांना कळले की आपण बोलतो ते चुकीचे आहे. मुरबाड-शहापूरच्या कातकरी, ठाकर मुलांच्या वाट्याला तर याहून वाईट आले. जमिनी विकल्यावर हातात पैसा आलेल्या आगरी घरांनी मुलांना सरळ इंग्रजी शाळेत घातले, यामागे तोही अपमान आहे. जिथे आपली भाषा नाहीच, तिथे निदान सगळ्यांनाच परकी असलेली भाषा बरी. मूळच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून मुलांच्या अंगणात, त्यांच्या बोलीत, त्यांच्या हाताशी असलेल्या बिया-पाना-दगडांनी शिक्षण सुरू केले होते. तो वारसा आपल्या शहरी मराठी शाळांनी उचलला नाही.

आता भाषा शिकण्याचे दुसरे टोक. डोंबिवली किंवा ठाणे स्टेशनातून बाहेर पडा : इंग्लिश स्पीकिंग, आयईएलटीएस, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, जर्मन ए-वन, ए-टू. पूर्वी तर्खडकरांच्या पाठमालेवर किंवा कपिल देवचे छायाचित्र असलेल्या रॅपिडेक्सवर भागायचे. आता पायऱ्यांची शिडी आहे आणि प्रत्येक पायरीला प्रमाणपत्र आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. इथल्या कुशल तरुणांना जर्मन शिकवून तिथे पाठवायचे, पहिल्या टप्प्यात १० हजार. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन. तरुणांना चांगल्या पगाराची कामे मिळत असतील तर ती मिळावीत. पण शिकवायच्या भाषेचा विचार सरकार कसा करते, ते यात स्पष्ट दिसते. परदेशी मागणी आली की भाषा शिकवण्यासाठी योजना, वेळापत्रक, उद्दिष्ट सगळे उभे राहते. नर्सला तिच्या रुग्णाशी कातकरीत किंवा आगरीत बोलता यावे यासाठी कधी योजना झालेली नाही, कारण त्या रुग्णाकडून परतावा येत नाही. दक्षिण कोरियाने ही वाट फार पुढेपर्यंत चालून पाहिली. तिथल्या ग्योंगी प्रांताने २००६मध्ये पाजूला सरकारी पैशाने एक अख्खे ‘इंग्रजी गाव’ उभारले, मुलांना परदेशात गेल्यासारखे वाटावे म्हणून. हौस ओसरल्यावर अशी गावे तोट्यात गेली आणि त्यांतल्या काहींचा वापर बदलला. इंग्रजीवर घरटी होणारा खर्च मात्र कमी झाला नाही, कारण शेजाऱ्याचा मुलगा शिकतोय तोवर आपल्याला थांबता येत नाही.

२०२५ सालचा हिंदीचा वाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, १७ जूनला तो सौम्य झाला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हिंदीच्या सक्तीवर रास्त गदारोळ झाला. मधल्या निर्णयातल्या एका अटीकडे मात्र कमी लक्ष गेले : हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल, तर इयत्तेत किमान वीस विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे. पुन्हा वीस. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची हालचाल सुरू झाली, तेव्हा राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. मुरबाड-शहापूरच्या पाड्यातली पाच-सात वर्षांची मुले चार-पाच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत बसने जातील, असे कागदावर गृहीत धरलेले. त्याच वर्षी दत्तक शाळा योजना आली. देणगीदाराने ठरलेली रक्कम दिली, की ठरावीक काळ शाळेला त्याचे नाव देता येईल. कुठली भाषा शिकायची, कुठली शाळा जगवायची, फलकावर कुणाचे नाव लावायचे, हे सारे मागणी आणि रक्कम यांनी ठरू लागले आहे.

‘पालकांना निवडीचे स्वातंत्र्य आहे’ हे या सगळ्यावरचे अंतिम उत्तर मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या प्रकरणात सांगितले, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्याला लादता येणार नाही. सक्ती नको, हे मलाही पटते. पण निवड म्हणायला दोन चांगल्या वाटा समोर असाव्या लागतात. छप्पर गळणारी, शिक्षक कमी असलेली मराठी शाळा एका बाजूला आणि कर्ज काढून घ्यायची इंग्रजी शाळा दुसऱ्या बाजूला ठेवून ‘निवडा’ म्हणणे म्हणजे पालकाला एकटे सोडणे आहे. शिक्षणहक्क कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचेही असेच झाले. खाजगी शाळेतल्या अशा प्रत्येक मुलामागे राज्य वर्षाला १७,६७० रुपये देण्याचे कबूल करते, ती रक्कमही थकते. २०२४च्या फेब्रुवारीत सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना यातून सूट देण्याची दुरुस्ती झाली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गरीब मुलाला खाजगी शाळेतून वळवायचे आणि सरकारी शाळाही सुधारायची नाही, हे न्यायालयापुढे टिकले नाही.

या पट्ट्याचा इतिहास वेगळा होता. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, ठाण्याचे विद्या प्रसारक मंडळ १९३५चे. डोंबिवलीतल्या टिळकनगरच्या आणि इतर शाळा अशाच उभ्या राहिल्या. त्यांचा पाया वर्गणी. ज्यांची मुले त्या शाळेत नव्हती, ज्यांना मुलेच नव्हती, त्यांनीही पैसे दिले, वर्गखोल्या बांधल्या. हे काम उच्चवर्णीय मध्यमवर्गाचे होते, त्याला त्याच्या मर्यादा होत्याच. पण शाळा ही साऱ्या गावाची गोष्ट आहे हे त्यात गृहीत होते. वर्गणीची जागा शुल्काने घेतली, तेव्हा माझ्या मुलाची शाळा आणि तुझ्या मुलाची शाळा असे दोन वेगळे प्रश्न झाले. त्याच जुन्या संस्थांनी त्याच आवारांत इंग्रजी माध्यमाचे विभाग काढले, आणि मधल्या सुटीत एकाच मैदानावर दोन गणवेश दिसू लागले. महाविद्यालयांतही हेच. २०२४मध्ये डोंबिवलीच्या के. वि. पेंढरकर महाविद्यालयाला विनाअनुदानित करण्याच्या हालचालींविरुद्ध माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी आंदोलन केले. त्यांतल्या पुष्कळांची मुले आज तिथे शिकत नसतील. तरी ते उभे राहिले, याचे मोल मला एखाद्या साहित्य संमेलनाहून अधिक वाटते. ठाण्यात २०१०ला आणि डोंबिवलीत २०१७ला संमेलने झाली, थाटात झाली. १९९९पासून डोंबिवलीची पाडव्याची स्वागतयात्रा महाराष्ट्रभर पोचली. या उत्साहातला दहावा भाग जरी एका महापालिका शाळेच्या वाट्याला आला असता, तर शिक्षकांचे मे महिने वेगळे गेले असते.

आणि शाळा अशी जगू शकते याची उदाहरणे इथेच आहेत. ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने सिग्नल शाळा सुरू केली. गजरे आणि खेळणी विकणाऱ्या, पारधी व इतर भटक्या घरांतल्या मुलांसाठी कंटेनरमध्ये भरणारी मराठी शाळा. मुलांना आंघोळ घालण्यापासून तिथे काम सुरू झाले. त्याच वर्षी ८ मार्चला मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा काढली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. त्यांना नोकरी नको होती. अंगठ्याऐवजी सही करायची होती, पोथी स्वतः वाचायची होती. या दोन्ही शाळांच्या बाबतीत परतावा विचारला असता तर त्या निघाल्याच नसत्या.

मग करायचे काय? इंग्रजीला विरोध सोडून द्यावा आणि इंग्रजी उत्तम शिकवण्याची जबाबदारी मराठी शाळेने घ्यावी, हे पहिले. त्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांनी आपापल्या मराठी शाळांत प्रशिक्षित इंग्रजी शिक्षक नेमावेत, पहिली दोन वर्षे फक्त ऐकणे, बोलणे, गाणी, गोष्टी, पुस्तक तिसरीपासून. गणित-विज्ञान सातवीपर्यंत मराठीत, आणि आठवीपासून परिभाषा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी. उन्हाळ्यात शिक्षकांना घरोघरी पाठवण्याऐवजी इंग्रजी बोलण्याच्या सहा आठवड्यांच्या पूर्ण पगारी वर्गाला पाठवावे. संचमान्यता एका वर्षाच्या पटावर न करता तीन वर्षांच्या सरासरीवर करावी, म्हणजे एका वाईट जूनमुळे तुकडी जाणार नाही. पहिलीत येणाऱ्या आगरी आणि कातकरी मुलांसाठी बोलीतल्या गोष्टींची पुस्तके छापावीत. लिहिणारे त्याच गावांत आहेत. आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांनी, जे दर डिसेंबरला शाळेच्या पटांगणात स्नेहमेळावा भरवतात, त्या दिवशी मुख्याध्यापकांकडून या वर्षीच्या संचमान्यतेचा कागद मागून घ्यावा आणि तो घेऊन सगळ्यांनी मिळून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे.